धरणारे नाना

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. कोमलच्या पहिल्या फाईटला, पुण्याच्या त्या हॉलमध्ये, 'चित!' म्हणून जो माणूस ओरडला, तो मी होतो. त्या एका शब्दाने काय नासलं ते सांगतो. पण त्याआधी कोमलचे वडील, म्हणजे आमचे शेजारी रावजीनाना, तुम्हाला माहीत व्हायला हवेत.

नाना भेटले की नमस्कार करत नाहीत. समोरचा बोलत असताना अचानक खाली वाकतात, त्याच्या गुडघ्यांमागे हात घालतात, आणि माणूस जमिनीपासून वीतभर वर. कुस्तीत याला पट काढणं म्हणतात. उचलून धरल्यावर नाना क्षणभर अंदाज घेतात आणि निकाल देतात, "टाच हलकी लागती. चालत न्हाईस तू, गाडी लई झाली." मग अलगद खाली ठेवतात. ग्रामसेवक, व्याही, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांचा पट निघालेला आहे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला उचललं, तेव्हा वऱ्हाडाला वाटलं ही आमच्या खोडद गावची रीतच असेल. धाकटा मामा आपणहून पुढे येऊन उभा राहिला.

नानांचं घराणं मेंढपाळांचं. आता चार-सहा मेंढ्या उरल्यात, बाकी टोमॅटो. तरुणपणी यात्रांच्या आखाड्यांत त्यांचं नाव होतं. तिथून त्यांनी एकच तत्त्वज्ञान घरी आणलं, "धरलं की सोडायचं न्हाई." मोबाईलवर बोलताना ते तो दोन्ही हातांनी धरतात, एका हाताने धरला तर निसटेल अशी त्यांची खात्री आहे. एकदा दाढ काढायला नारायणगावला गेले. डॉक्टरांनी उजवा हात तोंडाजवळ नेला, नानांनी मनगट धरलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, सोडा." नाना आ वासलेल्या तोंडाने नाही म्हणाले. शेवटी दाढ डाव्या हाताने निघाली.

ठोशाला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. "ठोसा म्हंजे दारावर टकटक," ते म्हणायचे. "आत शिरायचं आसंल तर कडी धराया लागती, वसंता."

वसंता म्हणजे मी. वारूळवाडीत ठिबकच्या नळ्या विकतो. आमच्या गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आकाशातली कुजबुज टिपतात म्हणे. माझं बोलणं मात्र समोरच्या गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागतं. बायको म्हणते, घरातली पाल तुमच्यापेक्षा जास्त बोलते. नानांना मी आवडायचो ते बहुधा यासाठीच.

आता कोमल. हे नाव ठेवणाऱ्या आत्याबाईंना गावाने नंतर पुष्कळ टोमणे मारले. आई लवकर गेली, पोरगी नानांच्या मागे मेंढरांत आणि आखाड्यात वाढली. उंचीने कमी, खांदे मात्र असे की दप्तर कधी घसरलं नाही. कुठल्याशा स्पर्धेत पुण्याच्या एका कोचने तिला पाहिलं आणि नानांकडे येऊन म्हणाला, हिला मिक्स मार्शल आर्टमध्ये घालू.

"मिक्स म्हंजे? भेळ हाय का?" नानांनी विचारलं.

कोचने समजावलं. जाळीचा पिंजरा असतो. ठोसे, लाथा, धरणं, आपटणं, सगळं चालतं.

"धरल्यालं चालतं ना? मग बाकीचं काय का आसंना." असं म्हणून नानांनी कोचचा पट काढला आणि होकार दिला. कोमल सरावासाठी पुण्याला राहू लागली.

पहिल्या फाईटला मी गाडी घेऊन गेलो होतो. नाना कोचबरोबर कोपऱ्यात, जाळीला लागून. मी मागच्या खुर्चीत. समोरची मुलगी उंच, लांब हातांची. कोमलने दोन ठोसे खाल्ले, तिसऱ्याखाली वाकली आणि असा पट काढला की ती मुलगी पाठीवर सपाट. दोन्ही खांदे जमिनीला.

लहानपणापासून यात्रेत कुस्त्या बघितलेला माणूस मी. पाठ लागली की आमचा गळा आमच्या ताब्यात राहत नाही. मी उभा राहून ओरडलो, "चित! झाली कुस्ती!" आयुष्यात तेवढ्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो, पुढेही बोललो नाही. नाना आणि कोच तेव्हा जाळी बडवत ओरडत होते, त्यांना ते ऐकू गेलं नाही.

आणि कोमलने सोडलं. उठली, हात वर केला, पंच कुठे आहे ते बघू लागली. या खेळात पाठ लागल्याने काही संपत नाही, हे तिला सहा महिने शिकवलं होतं. खालची मुलगी उठली, मागून आली आणि तिने गळा आवळला. कोमलने जाळीवर हात आपटून हार मानली.

गाडीतून परत निघालो. राजगुरुनगरच्या पुढे आल्यावर कोमल म्हणाली, "नाना, माझ्या कानात 'चित' आलं. मला वाटलं, झाली."

नानांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "ते तुझ्या कानात म्याच भरलंय, बाय. चालायला लागलीस तवापासनं. पाठ लागली का सोड, पाठ लागली का सोड. माजंच शिकवनं तुला भोवलं."

मी स्टेअरिंग धरून होतो. 'नाना, मी ओरडलो,' एवढंच म्हणायचं होतं. मंचर आलं, मंचर गेलं. नाही म्हणालो.

त्या दिवसापासून नानांनी पट काढणं बंद केलं. रस्त्यात ते दिसले की लोक सवयीने दोन पावलं मागे सरत, आणि नाना नुसते हात जोडून पुढे जात. हात जोडणारे नाना बघवत नसत.

त्यात गावाला नवा विषय मिळाला, कोमलने धरावं की मारावं? चहावाला किसन ठोशाच्या पक्षाचा. "नाना, तुमचं ते धरनं जुनं झालं, राव. वाकाया गेली का गुडगा तोंडावर बसतो. टीव्हीवर बघा." एरवी किसन चहासकट हवेत गेला असता. नाना म्हणाले, "आसंल बाबा. तुझं खरं आसंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोमलसाठी बाभळीला खताचं पोतं टांगलं, माती भरून. स्वतः ठोसा मारून पाहिला आणि आठवडाभर मनगटाला हळद बांधून हिंडले. "वसंता, ह्याला धराया कायबी न्हाई रं," असं मला एकट्याला हळूच म्हणाले.

दुसरी फाईट ठरली तेव्हा घरातही ठरलं, ही गेली तर पोरीने पुणं सोडून परत यायचं. आत्याबाईंनी पारगावचं स्थळ तयारच ठेवलं होतं. मुलगा चांगला, पण त्याच्या आईची अट होती, हे पिंजऱ्यातले प्रकार बंद. कोमल एवढंच म्हणाली, "हरले तर येईन." नानांनी मान खाली घातली.

यावेळची मुलगी बॉक्सर, एकही फाईट न हरलेली. निवेदकाने तिच्या विजयांची माळ वाचली, आणि कोमलच्या नावापुढे फक्त गावाचं नाव घेतलं, तेही चुकीचं.

नानांनी सांगून ठेवलं होतं, "मार. माजं काय आईकू नगं, नुस्ती मार." पहिला राऊंड कोमल मारायला गेली आणि मार खाऊन आली. स्टुलावर बसली तेव्हा ओठ फाटला होता, डावा डोळा मिटत आला होता. कोच पाणी मारत म्हणाले, "अंतर ठेव, फटका टाक." कोमलचं लक्ष नानांकडे.

"नाना, धरू का मारू?"

"मला इचारू नगं."

"मग कुनाला इचारू? किसनभाऊला?"

मी या वेळी पहिल्याच रांगेत, हाताच्या अंतरावर होतो. मला हे सगळं ऐकू येत होतं.

नाना जाळीला कपाळ टेकून उभे राहिले. मग एकदम म्हणाले, "कोमे, मेंढी कातराया बसवतीस, तवा किती येळ धरतीस?"

"कातरून हुईस्तवर."

"पाठ लागली म्हनून सोडतीस?"

कोमल फाटक्या ओठाने हसली. "न्हाई."

"मग ही कुस्ती न्हाई. ही कातरनी हाय. जा."

मेंढी कातरायची तर मागचा पाय धरून तिला खाली बसवतात, गुडघ्यांत घेतात आणि लोकर उतरेपर्यंत हलू देत नाहीत. घंटा झाली. कोमल ठोशाच्या आत शिरली, त्या बॉक्सरचा पाय उचलला, जाळीला टेकवून तिला खाली बसवलं आणि गुडघ्यांत घेतलं. ती उजवीकडे वळली, कोमल उजवीकडे. ती हात सोडवी, कोमल दुसरा धरी. मधूनच कानावर एक फटका. पाठ लागली. मी रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला आणि वर दोन्ही हात दाबले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "उलटी होतेय का?" मी मानेनेच हो म्हणालो.

तिसरा राऊंडही तसाच. पुण्याचं पब्लिक कंटाळलं, "उठवा त्यांना, उठवा!" म्हणून ओरडू लागलं. नाना मागे वळून म्हणाले, "बोंबला लेको! कातरनीला कोन टाळ्या वाजवतंय?" त्यांची मान कितीतरी दिवसांनी ताठ झाली होती. तिन्ही जजनी फाईट कोमलला दिली. निवेदकाने या वेळी गावाचं नाव विचारून घेतलं. खोडद, असं नानांनीच माईकमध्ये सांगितलं, दोन्ही हातांनी माईक धरून, आणि मग तो परत देईनात.

येताना कोमल मागच्या सीटवर झोपली. नाना शेजारी बसून तिच्या बोटांची चिकटपट्टी काढत होते. एक पट्टी सोडवायची, बोटावर फुंकर घालायची, मग दुसरी. आरशात मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

"जिंकली की ती," मी म्हणालो. "आता तरी मनाला लावून घेऊ नका."

"ही जिंकली तिची ती," नाना हळू आवाजात म्हणाले. "पयली गेली ती माज्यापायी. आयी नसल्याल्या पोरीला मला दुसरं काय देता आलं न्हाई, वसंता. कुस्तीच दिली. तीबी आडवी आली." आणि पुन्हा एका बोटावर फुंकर घातली.

मी गाडी चालवत राहिलो.

हे सगळं इथे मोकळेपणाने लिहितो आहे, कारण नानांना वाचता येत नाही. कोमल वाचेल, तिने मला काय म्हणायचं ते म्हणावं. पण नानांच्या ओसरीवर बसून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, 'नाना, पहिल्या फाईटला मी ओरडलो, चूक तुमच्या शिकवण्याची नव्हती' हे सांगायचं त्यांचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.