सुई रमली पाहिजे

वामननाना पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी कॉलरमागून सुई काढली आणि आमच्या नव्या सोफ्यात खुपसली. मग ती हळूच ओढून उजेडात धरली आणि खेदाने म्हणाले, "फोम. सुई जाते, पण रमत नाही." त्यानंतर त्याच सोफ्यावर बसून दोन कप चहा प्यायले.

नाना मूळचे धुळ्याचे. तिथल्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात घालवला. निवृत्तीनंतर जळगावात आमच्या शेजारी राहायला आले आणि सुया-टाचण्या खोचायच्या उशा शिवू लागले. शिवण ओबडधोबड, आकार वांग्याचा. पण उशीत भरायचं काय, एवढाच त्यांचा खरा प्रश्न होता.

कापूस भरा, असं मी आपलं भाबडेपणाने सुचवलं. नानांनी चेहरा असा केला, की जणू मी त्यांच्या घराण्याबद्दलच काही बोललो. आवेशात आले की ते अहिराणीत शिरत. "कापूस बठ्ठा ओल धरस. सुई गंजी जास." ज्या कापसाने तीस-पस्तीस वर्षं जेवू घातलं, त्याच्याबद्दल हे असं.

भरण फुकटचंच हवं, हा त्यांचा नियम. विकत आणलं तर तो शोध कसला, ती खरेदी झाली. म्हणून आधी डब्याच्या तळाची जुनी बाजरी भरली. पंधरा दिवसांनी उशी आपोआप हलायला लागली. आत सोंडे झाले होते. नाना अर्धा तास कौतुकाने ती बघत बसले. मग फैजपूरच्या भाच्याकडून केळीच्या खांबाचा वाळलेला धागा आला. ती उशी उंदराने सुयांसकट पळवली. उंदीर घरट्यासाठी हलका माल उचलत नाही, असं म्हणून नानांनी वहीत केळीला पैकीच्या पैकी गुण दिले. नशिराबादहून लाकडाचा भुसा आणला तो जेवणाच्या डब्यातून. बसमध्ये, वास कसा आहे बघू म्हणून त्यांनी झाकण उघडलं आणि पुढच्या थांब्यापर्यंत अख्खी बस शिंकत होती.

कळस झाला तो केसांमुळे. केसांत तेल असतं, त्यात सुई गंजत नाही, असं त्यांना कुठूनसं कळलं आणि ते मला घेऊन सलूनमध्ये गेले. खाली पडलेले केस न्यायचेत, म्हणाले, पण रोज डोक्याला तेल लावणाऱ्याचेच हवेत. न्हाव्याची कात्री थांबली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. कशाला हवेत, असं विचारल्यावर नानांनी खरं तेच सांगितलं, "सुया टोचायच्या आहेत."

त्या रस्त्याने मी अजूनही जात नाही.

परवा ऑफिसला निघताना माझ्या शर्टाचं बटण तुटलं. नाना बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी, अक्का, गल्लीतल्या सगळ्यांच्या साड्यांना फॉल लावतात, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शर्टाचा रंग विचारला. शर्ट मी अंगातच घातलेला होता. मी पांढरा म्हणालो. अक्कांनी उशीवरून बोटं फिरवली आणि डावीकडची पहिली सुई उचलली. तिच्यात पांढरा दोरा ओवलेला होता. पुढच्या सुईत काळा, मग लाल, मग हिरवा.

बटण बोटांनी चाचपून शिवता शिवता अक्का म्हणाल्या, "भाऊ, यांना सांगू नका हं. वर्ष झालं, मला सुईचं नेढं दिसत नाही. कळलं तर काळजीने शिवण बंद करायला लावतील."

मग या सुया कोण ओवतं, असं मी विचारलं. तो त्यांचा प्रयोग, अक्का म्हणाल्या. दोरा असलेली सुई कोणत्या भरणात किती दिवस टिकते, हे पाहायला ते रोज पहाटे ओवून ठेवतात. त्यात अक्कांचं आयतं काम होतं.

दारातच नाना भेटले, हातात चहाच्या वाळवलेल्या चोथ्याची पिशवी. त्यांनी माझ्याकडे न पाहता बटणाकडे पाहिलं.

"पांढरा पुरला ना?" हळू आवाजात त्यांनी विचारलं. "आज जरा लांब ओवला होता."

मी मान हलवली. नाना आत गेले. मी चपला घालेपर्यंत आतून अक्कांचं बोलणं ऐकू आलं. शेजारच्या भाऊंचं बटण शिवून दिलं, त्या सांगत होत्या, आणि दोरा एका झटक्यात ओवला.

"मंग," नाना म्हणाले, "तुनी नजर चांगलीच शे."