कर्नलचा होकार

एकाच भागाचा प्रश्न होता, म्हणून मी हो म्हटलं.

घानातल्या कुमासीच्या ज्या स्टुडिओत संध्याकाळी सहाच्या परदेशी मालिकेला आमच्या ट्वी भाषेतले आवाज चढवतात, तिथे मी संवाद लिहून देते. त्या दिवशी नायकाचा, म्हणजे कर्नल आर्मांदोचा, आवाज देणाऱ्या गृहस्थांची दाढ सुजली. साहेब डोकं धरून बसले होते. तेवढ्यात दार धाडकन आपटलं आणि मी ओरडले. (एरवी मी चिमणीएवढं बोलते, दचकले की मात्र घशातून भलताच बाप्या बाहेर येतो.) साहेब उठून उभेच राहिले. "हाच! हाच कर्नल!"

त्या एका भागाचे एकशे चाळीस झाले. कर्नल रडत नाही, हसत नाही, फक्त हुकूम सोडतो. त्याची रोसाउरा त्याचे बूट आणतानासुद्धा रडते. सहा वाजले की गावातल्या बायका रात्रीच्या जेवणाचं फुफू कांडायचं थांबवून कर्नलचा आवाज ऐकतात. त्यांत माझ्या होणाऱ्या नवऱ्याची, क्वाबेनाची, पोमाआत्या पहिली.

क्वाबेनाला तिनंच वाढवलं, त्यामुळे आमच्या लग्नात तिचा शब्द शेवटचा.

"सून हवी रोसाउरासारखी," तिनं बजावलं होतं, "आणि पुरुष हवा कर्नलसारखा." (पुढे तिनं क्वाबेनाकडे बघून उसासा टाकला. तो बालवाडीत शिकवतो.)

"सेर्वा, एक दुपार फक्त," क्वाबेनानं हात जोडले. "मान खाली, आवाज खाली. कर्नल कोण ते कळलं, तर आत्या मागणीसाठी आणलेली दारूची बाटली काखेत मारून परत जाईल."

मागणीच्या दिवशी मी इतकी रोसाउरा झाले, की आईनं विचारलं, "ताप आहे का गं?"

पाहुणे ओसरीत बसले. माझ्या मामांनी त्यांची बाटली हातात घेतली. मुलीनं तीनदा हो म्हटलं तरच ती ठेवून घ्यायची, अशी आमची रीत.

"सेर्वा, घेऊ का ही?"

"घ्या, मामा," मी कुजबुजले. आत्यानं समाधानानं मान डोलावली.

"नक्की घेऊ? मागाहून परत द्यायला लावू नकोस हं."

"घ्या ना."

तिसऱ्यांदा विचारायला मामा पुढे वाकले आणि छपरावरून एक लठ्ठ सरडा थेट माझ्या मांडीवर पडला.

"थांब! एक पाऊल पुढे टाकलंस तर मुडदा पाडीन!"

मामांनी बाटलीसकट दोन्ही हात वर केले. सरडाही थांबला. संपलं, मला वाटलं, आता बाटली चालली परत.

आत्या सावकाश उठली. डोक्यावरचं फडकं नीट केलं.

"कर्नल?"

"आत्या, मी सांगणारच होतो…" क्वाबेना चाचरला.

"गप रे! घरात कर्नल आहे आणि आम्हाला सुपारीएवढीही खबर नाही?" मग माझ्याकडे वळून, अगदी लाजत, "तिसऱ्यांदाचं उत्तर त्यांनीच द्यावं."

मी खाकरले. "बाटली घ्या. आणि मुलगा इथेच ठेवा!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आत्यानं डोळे पुसत क्वाबेनाला जवळ घेतलं. "नशीब काढलंस पोरा. यांना सूप गरम देत जा."

लग्न पुढच्या महिन्यात आहे. सगळं छान चाललंय, खरंच. काल आत्याचा फोन आला.

"कशा आहात, आत्या?" मी म्हटलं.

"बरी आहे गं. पण मांडवाचं महत्त्वाचं बोलायचंय. कर्नलना दे."

दिला. दोघं वीस मिनिटं बोलले. माझी चौकशी कुणीच केली नाही.