अर्जदार क्रमांक एक ते अडतीस

मधूनच उघडलेल्या पान एकशे बारावर सत्यशीलाला पहिली शंका आली, आणि एकशे तेरा वाचून होताच तिनं प्रबंधाचा सगळा गठ्ठा शेजारच्या सीटवर डुलक्या घेणाऱ्या तात्यारावांच्या मांडीवर आदळला.

"तात्या, उठा! हे काय करून ठेवलंत?"

तात्याराव दचकून जागे झाले. टोपी सावरली, चष्मा पुसला. सेलूच्या कोर्टासमोर लिंबाखाली टाइप मशीन मांडून बसायला त्यांना चाळीस वर्षं उलटून गेली होती. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दूत अर्ज लिहिले, नंतर मराठीत टाइप केले. टाइप केलेला मोठा कागद दाखल होताना आपण हजर असावं ही त्यांची जुनी खोड. म्हणून तर आज ते एसटीनं शहराला निघाले होते.

"काय झालं वकीलबाई? काना-मात्रा चुकला का?"

"काना-मात्रा?" सत्यशीलानं पान त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे वाचा. 'सबब मेहेरबानांस नम्र विनंती की, अर्जदार क्रमांक एक ते अडतीस यांची नावे पहिल्या हंगामापासून हजेरीपटावर घेण्याचा हुकूम गैरअर्जदारास व्हावा.' हे मी कधी लिहिलं?"

"तुमी लिवलं न्हाई. राहून गेलं व्हतं. मी घातलं."

"राहून गेलं नव्हतं! हा एलएल.एम.चा प्रबंध आहे तात्या, अर्ज नाही!"

"तेच म्हणायलोय मी," तात्याराव शांतपणे म्हणाले. "दोनशे पानं लिवली, आन शेवटी मागितलं काय? काईच न्हाई. न मागता कोन देतं?"

सत्यशीलानं गठ्ठा त्यांच्या मांडीवरून हिसकावून घेतला. रागाचं तिला नवल नव्हतं. दोन वर्षं ती सेलूत वकिली करून, पहाटेची एसटी धरून, शहरातल्या विद्यापीठात कामगार कायद्यातलं एलएल.एम. करत होती. प्रबंध मराठीत लिहिण्याची परवानगी तिनं तीन वेळा भांडून मिळवली होती. विषय तिच्या घरातलाच होता. तिची आई सरजाबाई दत्तरावांच्या जिनिंगमध्ये चौदा हंगाम कापूस वेचून साफ करत होती. पण दर दिवाळीनंतर जिनिंगची वही नवी निघायची आणि त्यात सगळ्या बायकांची नावं नव्यानं लागायची. त्यामुळे चौदा हंगाम काम करूनही कागदोपत्री सरजाबाई दर वर्षी पहिल्यांदाच जिनिंग बघत होती. नवी बाई म्हटली की तिला रजा नाही, सुट्टी नाही, आजारपण नाही. अशा अडतीस बायकांशी बोलून सत्यशीलानं प्रबंध लिहिला होता. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "भाषा तटस्थ ठेवा. राग दिसता कामा नये." तिनं दात-ओठ खाऊन राग गिळला होता. बायकांची नावं लिहिली नव्हती. जिनिंगला नुसतं 'कारखाना अ' म्हटलं होतं. प्रबंध आज पाचच्या आत द्यायचा होता.

तिनं पुढची पानं चाळली. पाचही प्रकरणांच्या शेवटी तीच नम्र विनंती होती. आणि 'कारखाना अ' कुठंच नव्हता. त्या जागी जिनिंगचं आणि मालकाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"आता हे कशाला बदललंत?"

"'अ' वर नोटीस कशी निघंल? बेलीफ कुणाच्या दारात जाईल?"

"कुठला बेलीफ! चारही प्रतींत असंच आहे का?"

"कार्बन हाय बाई. एकीत हाय ते चारीत हाय."

ती आणखी ओरडणार होती, तेवढ्यात बस करकचून थांबली. देवगाव फाटा आला होता, पण बस फाट्यासाठी थांबली नव्हती. रस्ता माणसांनी भरला होता. निळे झेंडे होते, बायका होत्या, कडेवर लेकरं होती आणि "नामांतर झालंच पाहिजे" या घोषणेनं खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मागं ट्रक, पुढं ट्रक.

सत्यशीला गठ्ठा छातीशी धरून खाली उतरली आणि तरातरा पुढं गेली. मध्ये भोंगा घेऊन नागनाथ उभा होता. तिचा चुलतभाऊ.

"नाग्या, बस सोड. मला पाचच्या आत विद्यापीठात पोचायचंय."

नागनाथचा चेहरा पडला. "अक्का, तू ह्या गाडीत कशी? तीन वाजेपर्यंत कोनालाच सोडायचं न्हाई असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

त्यानं खिशातून पत्रक काढलं आणि तिला वाचून दाखवलं. "'रुग्णवाहिका वगळता कोणत्याही वाहनास, कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही कारणास्तव सवलत दिली जाणार नाही.'"

"हे मीच लिहिलंय!"

"म्हणून तर, अक्का. लय बरोबर लिवलंस. एक बी फट ठेवली न्हाईस. मघाशी एक मामलेदार येऊन गेला, त्याला बी काई सापडलं न्हाई."

"पण तारीख कुठं लिहिली होती मी?"

"ती तू मोकळी सोडली व्हतीस. काल सांजच्या बैठकीत आजची धरली. तू तुझ्या प्रबंधात गुतली व्हतीस." त्यानं आवाज उतरवला. "तू आपली हायस. तुलाच सोडलं तर बाकीचे काय म्हनतील?"

सत्यशीलाला ओरडायचं होतं, पण ओरडायचं कोणावर? लोक तिचे, मागणी तिची, पत्रकसुद्धा तिचंच. दहा वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली गावातल्या त्यांच्या वस्तीतली घरं जळाली तेव्हा ती शाळेत होती. या रस्त्यावर बसायचा हक्क तिच्याइतका कुणालाच नव्हता. आणि आज त्या रस्त्यानंच तिला अडवलं होतं. ती संतापानं गरकन वळली, तर समोर तिची माय. बायकांच्या घोळक्यात सरजाबाई सतरंजीवर ऐसपैस बसली होती, आणि आजूबाजूला जिनिंगच्या सगळ्या बायका होत्या.

"आगं, तू तर साताच्या गाडीनं गेलती ना?"

"गाडी आलीच न्हाई माय. दहाची धरली."

"मंग बस हितं. उन्हात कामून हुबी हायस?"

सत्यशीला बसली. तीन वाजता रस्ता सुटला तरी शहर चार तासांवर होतं. दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं होतं, आणि शेजारी तात्याराव येऊन मांडी घालून बायकांना तिचा प्रबंध वाचून दाखवायला लागले होते.

"तात्या, बंद करा!"

"वाचू दे गं," सरजाबाई म्हणाली. "आमच्यावरच लिवलंय नव्हं?"

तटस्थ भाषेतली चार पानं बायकांनी मुकाट्यानं ऐकली. एकीनं जांभई दिली. मग तात्यारावांनी घसा खाकरून 'सबब मेहेरबानांस' काढलं, तसा घोळका सावरून बसला. "पहिल्या हंगामापासून" ऐकल्यावर मागं कुणीतरी टाळी वाजवली.

"हे बराबर हाय," सरजाबाई म्हणाली. "ह्याच्या आधीचं कोनी लिवलं?"

"मी!" सत्यशीला किंचाळली.

एवढ्यात अडकलेल्या ट्रकांच्या मागून धूळ उडवत एक जीप आली आणि कच्च्या रस्त्यावर तिरकी होऊन थांबली. आतून दत्तराव उतरले. पांढरा शर्ट घामानं भिजलेला, हातात कागदांचा जाडजूड गठ्ठा. जिनिंगचा मालक एरवी बायकांशी मुनिमाच्या तोंडून बोलायचा. आज तो सतरंजीपर्यंत स्वतः चालत आला.

"वकीलबाई, हे आजच दाखल व्हणार हाय का?"

सत्यशीलाच्या डोक्यात आधीच वणवा पेटलेला. "आजच. निदान तसा माझा विचार होता. तुम्हाला काय करायचंय?"

"अव्हो, दाखल करायच्या आधी एक शब्द तरी बोलायचा आमच्याशी!"

"माझ्या प्रबंधाशी तुमचा काय संबंध?"

"माझाच तर संबंध हाय! पानापानावर माझं नाव हाय, माझ्या बापाचं नाव हाय!"

दत्तरावांनी हातातला गठ्ठा उघडला. पान एकशे तेरा, जरा फिकट. पाचवा कार्बन. सत्यशीलानं सावकाश मान वळवली.

"तात्या?"

"गैरअर्जदाराला नक्कल दिल्याबिगर कागद दाखल व्हत न्हाई," तात्याराव म्हणाले. "काल सांजच्याला दिली. पोच बी घेतली. ही बघा सही."

त्या क्षणी सत्यशीलानं तात्यारावांना काय केलं असतं ते सांगता येत नाही, कारण मध्ये दत्तराव उभे होते. तिनं तात्यारावांकडं पाठ फिरवली. मग खरं ते सांगून टाकलं.

"दत्तराव, घाबरू नका. हे कोर्टात जाणार नाही. विद्यापीठात जाणार आहे."

दत्तरावांचा चेहरा होता त्याहून उतरला. त्यांनी एकदा निळ्या झेंड्यांकडं पाहिलं, एकदा भोंग्याकडं, एकदा रस्त्यावर बसलेल्या चारपाचशे माणसांकडं.

"विद्यापीठात?" ते म्हणाले. "अव्हो बाई, त्यापरीस कोर्टात घाला! कोर्टात तारीख तरी भेटती. विद्यापीठात गेलं की मोर्चा निघतो!"

सत्यशीलानं तोंड उघडलं, तोच सरजाबाईनं तिच्या मनगटावर हात दाबला. "तू गप. लय बोलतीस." मग पदर डोक्यावर घेऊन तिनं वर पाहिलं. "दत्तराव, यातलं काय नको म्हनता तुमी?"

"ही शेवटची पानं. विनंतीची. पाच जागी हायती. आन माझं नाव."

सत्यशीलाला हसू की रडू ते कळेना. तीच पानं फाडून टाकायला तिचे हात सकाळपासून शिवशिवत होते. नाव तर तिला मुळात नकोच होतं. "ही पानं काढायला आणि नाव खोडायला माझी काहीच—" ती म्हणाली, आणि मनगटावरचा हात इतक्या जोरात आवळला गेला की पुढचं 'हरकत नाही' तोंडातच राहिलं.

"तिची लय हरकत हाय," सरजाबाईनं वाक्य पुरं केलं. "दोन वर्षं लिवायलीय पोरगी. पानं काढायची तर त्यात जे मागितलंय ते देऊन टाका. मंग पानाचा उपेग तरी काय?"

"समदं?"

"चौदा साल मी तुमचा कापूस साफ करायलेय. आन दर साली तुमचा मुनीम इचारतो, बाई, नाव काय तुझं." सरजाबाईचा आवाज चढला नव्हता. "एका साली सरकी काढायच्या मशिनीत बोट गेलं माझं. तर म्हनला, नवी हायस, सवय न्हाई तुला. नवी! तवा मी नवव्या सालाला व्हते."

हे सत्यशीलानं प्रबंधात लिहिलं होतं. 'स्त्री कामगार १ हिला नवव्या हंगामात दुखापत झाली.' एवढंच. आईच्या तोंडून ऐकताना तिचा गिळलेला राग पुन्हा वर आला, पण हा सकाळचा राग नव्हता. ती उठून उभी राहिली.

"दत्तराव, पहिल्या हंगामापासून नावं. आठवड्याची सुट्टी. कायद्यानं आहे ती पगारी रजा. लिहून द्या, मी पानं इथंच फाडते आणि नावही काढते. नाहीतर एकेक प्रत इथंच वाटते, वाचणारे भरपूर आहेत."

दत्तरावांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. मजकूर तात्यारावांनी सांगितला, सत्यशीलानं तपासला. त्यातली नम्र विनंती तिनं आधीच खोडली. साक्षीला अख्खा रस्ता बसला होता, पण तात्यारावांनी सह्या दोघांच्याच घेतल्या, कारण कायद्याला दोन पुरतात. दत्तरावांनी सही केली. मग सत्यशीलानं चारही प्रतींतली मिळून वीस पानं एकामागून एक टराटरा फाडली. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी साडेसातला ती विद्यापीठात पोचली. कार्यालयाच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाच्या वर कागद चिकटवला होता. रास्ता रोकोमुळे प्रबंध स्वीकारण्याची मुदत आठ दिवसांनी वाढवली होती. तिनं तो कागद तीन वेळा वाचला आणि रिकाम्या व्हरांड्यात मोठ्यानं एक शिवी दिली. आठ दिवसांत तिनं स्वतः सगळी पानं नीट करून घेतली, पुन्हा 'कारखाना अ' केला आणि प्रबंध दिला. पुढं ती पासही झाली.

जिनिंगमध्ये सोमवारी नवा हजेरीपट आला. मुनिमानं एकेक नाव बापाच्या, नवऱ्याच्या नावासकट पुकारलं आणि अडतीस बायकांनी इतक्या दणक्यात "हजर" म्हटलं की बाहेरचे बैल बुजले.

मंगळवारी अडतीसच्या अडतीस गैरहजर.

दुपारी दत्तराव सत्यशीलाच्या ओट्यासमोर जीप उभी करून तारस्वरात ओरडत होते. "कागदावरची शाई वाळली न्हाई अजून! गाड्या हुब्या हायती कापसाच्या! ह्याला काय म्हनावं?"

"अर्ज दिलाय का त्यांनी रजेचा?" सत्यशीलानं विचारलं.

"दिलाय! समद्यांनी दिलाय! त्या तात्यानं टाइप करून दिलाय!"

सत्यशीला तणतणत आत गेली. मागच्या अंगणात सरजाबाई उन्हाला पाठ देऊन बसली होती. हातात काही काम नव्हतं. असं तिला सत्यशीलानं कधी पाहिलं नव्हतं.

"माय, कामावर कामून गेली न्हाईस? दुखतंय का काई?"

"न्हाई. रजा काढली."

"कशापायी?"

"कशापायी म्हंजी? चौदा सालात रजा कशी असती ते ठाव न्हाई. बगावं म्हनलं."

बाहेर दत्तरावांचा आवाज आणखी वर चढला होता. सत्यशीला न राहवून आईशेजारी पायरीवर बसली.

"मंग? कशी हाय?"

सरजाबाईनं पाय लांब केले.

"बरी हाय," ती म्हणाली. "पर लय लौकर सरती."