श्वास घेतल्याचा पुरावा

माणूस आजारी पडतो तो स्वतःच्या चुकीने आणि बरा होतो तो संस्थेच्या कृपेने, हे तत्त्व एकदा मनापासून मान्य केलं की जगातल्या पुष्कळ कटकटी मिटतात. उत्तरेश्वर ढवण यांनी ते मान्य केलं नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

उत्तरेश्वर मूळचे औशाकडचे. तरुणपणी पुण्यात आले आणि लोणी काळभोरच्या अलीकडे 'सुगती' नावाच्या रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात चिकटले. जुने डबे तिथे यायचे. त्यांचे पत्रे उचकटायचे आणि आतला पांढरा कापूस हाताने ओढून काढायचा, एवढंच उत्तरेश्वरांचं काम. दिसायला कापूस, पण ते अ‍ॅस्बेस्टॉस होतं. उन्हात डबा तापू नये म्हणून पूर्वीच्या लोकांनी ते भरून ठेवलेलं. डबा खरोखरच तापत नसे, हे त्या लोकांच्या बाजूने सांगायला हवं. संध्याकाळी उत्तरेश्वर जवळच्या मांजरी गावातल्या सोसायटीत घरी आले की बायको मुक्ताई त्यांना दारातच थांबवून केरसुणीने झटकायची. "आलं बघा पिठाच्या गिरणीचं मालक," असं म्हणून ती हसायची. आता तिला ते हसणं आठवलं की स्वतःचाच राग येतो.

कामगारांच्या आरोग्याबाबत कारखाना अत्यंत जागरूक होता. धुळीवर उतारा म्हणून पाळी सुटताना प्रत्येकाला गुळाचा खडा मिळे. गूळ खाल्ला की धूळ घशातून पोटात जाते आणि पोटातून कुठे जाते ते सर्वांना ठाऊक आहे, अशी त्यामागची शास्त्रीय बैठक होती. मास्कही होता. (तो एकच होता आणि खराब होऊ नये म्हणून व्यवस्थापकांच्या कपाटात असे. तपासणीला कोणी आलं की बाहेर निघे आणि तपासणी करणाऱ्याला घालायला दिला जाई.) शिवाय भिंतीवर पाटी होती : "येथे धूळ नाही. आढळल्यास ती स्वतःची समजावी."

निवृत्तीनंतर उत्तरेश्वरांना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या, आणि फुप्फुसाच्या आवरणाला कर्करोग झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी आधी बिडी विचारली, मग तंबाखू, मग मिसरी. उत्तरेश्वरांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करायचात?" आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं.

कारखान्याचा नियम उदार होता. आजार कामातून झाला असं ठरलं तर सगळे उपचार कारखान्याने करायचे, ठरेपर्यंतही करायचे, आणि नाही ठरलं तर त्या दिवसापासून बंद. हे ठरवायला व्यावसायिक आजार निवारण समिती होती. तिची कामगिरी थक्क करणारी होती. स्थापनेपासून एकाही कामगाराला कामामुळे आजार झालेला नव्हता. म्हणजे हवापालटासाठी लोक उगाचच महाबळेश्वरला जातात, त्यांनी डब्यांच्या शेडमध्ये जायला हवं. मुक्ताईला मात्र एकच गोष्ट कळत होती : समितीने 'हो' म्हटलं तर नवऱ्याची औषधं चालू राहतील. ती रोज देवापुढे समितीचं नाव घेऊ लागली.

अर्जाला दोन साक्षीदार लागत होते. उत्तरेश्वरांच्या अंगावर धूळ असे, एवढंच त्यांनी सांगायचं. उत्तरेश्वरांना वाटलं, हे सोपं आहे. अख्ख्या सोसायटीने त्यांना वर्षानुवर्षं पांढरं होऊन येताना पाहिलं होतं. पण स्मरणशक्तीचं काही सांगता येत नाही. सेक्रेटरी म्हणाले, हा विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा लागेल. वरच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंना त्या वेळी मोतीबिंदू होता. दशरथ तर शेडमध्ये उत्तरेश्वरांच्या बाजूलाच काम केलेला, एका डब्यात जेवलेला.

"भाऊ, तुमच्यासाठी जीव देईन," दशरथ म्हणाला, "पण सही नगा मागू. पोरगं तिथंच लागलंय."

तेव्हा साक्षीदारांऐवजी उत्तरेश्वरांनी अर्जाला एक फोटो जोडला. समितीच्या मते हीच त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक.

सुनावणीला अध्यक्ष आनंद टिपणीस होते. शांत, सुसंस्कृत, आवाज न चढवता माणसाला घरी पाठवणारे.

"हजेरीपटावरून आपण कारखान्यात हजर होतात हे सिद्ध होतं," टिपणीस म्हणाले. "तिथे आपण श्वास घेत होतात हे सिद्ध होत नाही."

"सायेब, श्वास घेतल्याबिगर पत्रा कसा उचकटायचा?"

"ते आपण आम्हाला सांगायचं. आम्ही पत्रे उचकटत नाही." त्यांनी पान उलटलं. "गूळ मिळत होता?"

"मिळायचा की."

"खात होतात?"

उत्तरेश्वर खरं बोलले. "घरी न्यायचो. पोरींच्या चहाला व्हायचा."

टिपणीस समितीकडे वळले आणि हळहळले. संस्थेने औषध दिलं, आणि अर्जदाराने ते चहात घातलं.

मग फोटो निघाला. त्यात गणपतीच्या दिवसांतला सोसायटीच्या मंडळाचा देखावा होता : अमरनाथ. डोंगर, गुहा, आणि सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ. बर्फ अर्थातच शेडमधला. पोतीच्या पोती बाहेर टाकायची ती वाया कशाला घालवायची, असा कामगारांचा हिशोब, आणि व्यवस्थापकांनी स्वतः परवानगी दिलेली. फोटोत तेच व्यवस्थापक आरतीचं ताट घेऊन उभे होते, शेजारी मंडळाचे अध्यक्ष उत्तरेश्वर. त्यांच्या पायांशी सोसायटीतली पोरं बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारत होती. देखाव्याला विभागातलं पहिलं बक्षीस मिळालं होतं.

"सायेब, हे कारखान्यातलंच हाय आणि सायबांना म्हायती होतं, एवढंच दावायचंय," उत्तरेश्वर म्हणाले. मग त्यांनी फोटोतल्या पोरांवर बोट ठेवलं. "आन् ही पोरं. माझं जे व्हायचं ते होऊ द्या, पण ह्यांची तपासणी करा. मीच आणलं होतं ते. झोप लागत नाही मला."

सदस्यांपैकी एकाने चष्मा पुसला. टिपणीसांनी फोटो जपून फायलीत ठेवला आणि ते म्हणाले, "ढवण, आपण समितीचं काम फार सोपं केलंत."

निकाल पंधरवड्यात आला. त्याची भाषा इतकी नितळ होती की तो शाळेत लावायला हरकत नाही. सदर पदार्थ कारखान्यात निर्धोक आहे, कारण दरवर्षी तसं प्रमाणपत्र मिळतं आणि ते समितीच देते. तथापि, सदर पदार्थ मंडपात धोकादायक होता, असे अर्जदाराने स्वतः पुराव्यानिशी दाखवून दिले आहे. तिथे गूळवाटपाची सोय नव्हती. तिथे पाटीही नव्हती. सबब अर्जदाराचा आजार धार्मिक स्वरूपाचा असून त्याची जबाबदारी मंडळाची आहे. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष उत्तरेश्वर ढवण यांनी अर्जदार उत्तरेश्वर ढवण यांचे उपचार करावेत. उभयतांत वाद झाल्यास कारखाना मध्यस्थी करेल.

"म्हणजे तुमीच तुमाला औषध आणायचं व्हय?" मुक्ताईने विचारलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि समितीसाठी लावलेला दिवा तिने फुंकून विझवला.

संस्था एवढ्यावर थांबली नाही, कारण संस्थेला सामाजिक भान असतं. तिने मांजरीत फलक लावले. त्या वर्षी अमरनाथ पाहिलेल्या सर्व भाविकांनी श्री. ढवण यांच्याविरुद्ध दावा दाखल करावा, दाव्याचे अर्ज मोफत मिळतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढवणांच्या दारात रांग लागली. सेक्रेटरी सर्वसाधारण सभा न घेता आले. जोशीणबाईंनाही सगळं स्वच्छ आठवू लागलं. दशरथ डोळे खाली घालून उभा होता.

"भाऊ, तुमच्याविरुद्ध मनात काही नाही," तो म्हणाला. "फक्त पोच द्या."

उत्तरेश्वर धापा टाकत पोच देत गेले. पण एकेक अर्ज वाचताना त्यांच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं. प्रत्येकाने आपला दावा मजबूत करायला लिहिलं होतं : ढवण रोज कारखान्यातून डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन येत, तोच पदार्थ त्यांनी मंडपात आणला. दशरथने तर शेडमध्ये पुढचा माणूस दिसत नसे, हेही सहीनिशी लिहून दिलं. दोन साक्षीदार मिळत नव्हते, तिथे आता सगळी सोसायटी मिळाली.

ते गाठोडं घेऊन मुक्ताई स्वतः टिपणीसांकडे गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळे अर्ज आदराने वाचले.

"ताई, ही माणसं आपल्या यजमानांविरुद्ध दावा लावणारी," ते म्हणाले. "म्हणजे त्यांचे शत्रू. शत्रूंची साक्ष यजमानांच्या बाजूने ग्राह्य धरली तर तो यजमानांवरच अन्याय होईल."

निकालाच्या दिवशी बंद झालेली औषधं बंदच राहिली. पोरांची तपासणी करायची राहिली, कारण ती कोणी करायची हे अर्जात विचारलेलं नव्हतं.

जाता जाता सार्वजनिक हिताची एक माहिती. हे अ‍ॅस्बेस्टॉस काही फक्त रेल्वेच्या डब्यांत नव्हतं. जुन्या शाळांच्या छपरांत, पार्किंगच्या शेडवर, गच्चीतल्या अडगळीच्या खोलीवर ते सिमेंटच्या पत्र्यांतून अजूनही आहे, आणि पत्रा फुटला की त्याची धूळ उडते.

उत्तरेश्वरांचं पुढे काय झालं, हे आपण विचारलं नाहीत. साहजिक आहे. आपण आत्ता मान वर करून आपलं छप्पर कशाचं आहे ते बघत होतात.