एक डोसा आणि आडवा फोन

"हे माझ्या नावानं बाहेर जाणार नाही," भार्गवी कुडूर म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

तिचे साहेब नंजराज अरस बघतच राहिले. बेंगळुरूच्या त्या लहानशा कंपनीत त्यांच्यासमोर आजवर कुणी लॅपटॉप मिटला नव्हता. भांडण डोशाच्या ऑर्डरीवरून होतं. अनंतय्यांच्या दर्शिनीसाठी, म्हणजे उभ्या-उभ्या खायच्या हॉटेलासाठी, ॲप बनत होतं आणि अरसांनी फोनच्या पडद्यालाच थेट सर्व्हरशी बोलायला लावलं होतं. उत्तर नाही आलं, तर दोन सेकंदांनी पडद्यानं पुन्हा मागायचं.

"सर, मध्ये एक जण हवा. पडद्यानं फक्त दाखवावं. मागणीला नंबर देणारा, कुठली आधीच गेलीय ते लक्षात ठेवणारा वेगळा भाग मी लिहून ठेवलाय."

"गिऱ्हाइकाला दिसतो का तो? मग कशाला मधली लुडबूड! दुपारी अनंतय्यांना दाखवायचंय. होकार दे, नाहीतर सोमवारपासून तू या कामावर नाहीस."

"नसेन. पण होकार देणार नाही."

पहिल्या ओळीपासून ते ॲप तिनं लिहिलं होतं. तरी मान ताठच राहिली.

अनंतय्यांची दर्शिनी तळघरात. दुपारी अरस भार्गवीलाही घेऊन तिथे उतरले. रेंज तिथे मनात येईल तेव्हा यायची. अरसांनी ऐटीत एक मसाला डोसा मागवला. मागणी स्वयंपाकघरात पोचली, पण पोचल्याचं उत्तर वाटेतच हरवलं. पडद्यानं इमानेइतबारे पुन्हा मागितला.

"बघा, आडवाही दिसतो!" म्हणत अरसांनी फोन आडवा केला. फोन फिरवला की जुना पडदा जातो आणि नवा उभा राहतो. नव्याची पाटी कोरी, त्यानंही डोसा मागितला. अनंतय्यांना नीट दिसेना, म्हणून फोन उभा झाला. मग पुन्हा आडवा.

आतलं यंत्र चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या ओकत होतं. आचारी घाम पुसत बाहेर डोकावला. "मालक, वऱ्हाड उतरलंय का कुणाचं?"

टेबलावर डोशांची चळत वाढत चालली.

"भार्गवी, थांबव ना हे!"

"थांबवणाऱ्यालाच तर लुडबूड म्हणालात, सर."

अनंतय्या चळतीमागून म्हणाले, "आमच्याकडे गिऱ्हाईक दहादा ओरडू दे, काउंटरवरचा टोकन बघतो. त्या टोकनाचा डोसा सांगून झाला असला, तर म्हणतो, 'सांगितलाय, गप उभे राहा.' तुमच्या फोनात एवढा साधा माणूस नाही?"

"आहे की," भार्गवी म्हणाली. "तीन आठवडे दाराबाहेर उभा आहे."

"मग त्याला आत घ्या. या बाईंनाही ठेवा. नाहीतर आमचं टोकनच बरं."

अरसांचा चेहरा उतरला. "बरं बाई, घाल तुझा माणूस."

"तोंडी नको. ऑफिसच्या ग्रुपवर लिहा."

तो ग्रुप अरसांनीच पूर्वी बनवलेल्या ॲपवर चालायचा. त्यांनी दात-ओठ खात लिहिलं, 'भार्गवीचंच बरोबर होतं. तिचंच काम पुढे जाईल.' आणि बटण दाबलं. पडद्यावर चक्र गरगरत राहिलं. चडफडत त्यांनी पुन्हा दाबलं, मग फोन आडवा करून पाहिला.

भार्गवी जिना चढून रस्त्यावर आली. हातातला फोन वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच सुटला.

"गेलं का गं?" खालून अरस ओरडले.

"सगळ्या ऑफिसला पोचलं, सर, सतरा वेळा," ती वाकून म्हणाली. "हवं तर आणखी एकदा आडवा करून बघा."