डावीकडचा ब्रेक

पेंडुरकरकाकांनी मला आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या फ्रिजबद्दल.

आम्ही पुण्याहून फरीदाबादला राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. फ्रिज लिफ्टमध्ये मावेना, म्हणून दोन हमाल तो जिन्यावरून चढवत होते. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेले एक गृहस्थ बाहेर आले, त्यांनी फ्रिजच्या पाठीवर थाप मारली आणि मला विचारलं, "किती पळालाय?"

"कोण?"

"फ्रिज. हमालांचं मी त्यांनाच विचारीन."

"अकरा वर्षं झाली."

"वा! मग आता त्याला काही होत नाही," असं म्हणून त्यांनी हमालांना पाणी दिलं. मागून माझा नवरा अमोल पाणी शुद्ध करायच्या मशीनचा कोरा करकरीत खोका घेऊन येत होता. त्या खोक्याकडे काकांनी अशा नजरेने पाहिलं, की अमोलला उगीचच अपराधी वाटलं.

केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले हे काका मूळचे कोकणातले, पण चाळीस वर्षं दिल्लीत काढलेले. त्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं: वस्तू पळालेली पाहिजे. न पळालेल्या कशावरही त्यांचा विश्वास नाही. डॉक्टर ते असा निवडतात, की ज्याच्या पाटीवरची अर्धी अक्षरं उडालीत. कुकरची शिट्टी जितकी काळी तितकी त्यांना प्रिय. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी नवी ढोलकी आणली, तर ते आरतीला मागे उभे राहतात. "दहा गणपती पळू दे तिला, मग बघू," म्हणतात.

एकदा तर त्यांनी कहरच केला. मंडळातल्या एका मुलीला स्थळ सांगून आलं होतं आणि मुलाची आई समोर बसली होती. काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मुलगा किती पळालाय?" त्यांना म्हणायचं होतं, नोकरीनिमित्त किती गावं फिरलाय, जगाचं पाणी किती प्यायलाय. पण हे समजावून सांगेपर्यंत त्या बाईंनी अर्धा मोदक पानात ठेवून पर्स उचलली होती. तेव्हापासून लग्नाच्या बोलणीत काकांना चहा गाळायला स्वयंपाकघरात बसवतात.

गाड्यांबद्दल काकांना इतकं ज्ञान, की सोसायटीतले पंजाबी शेजारीसुद्धा सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की "अंकलजी, ज़रा चलिए" म्हणून त्यांना घेऊन जात. इंजिनाचा आवाज ऐकून ते आजार सांगत. आणि या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. फार पूर्वी एकदा शिकायला गेले, सोसायटीचं फाटक पाडलं आणि तो अध्याय संपला. तरी मी त्यांना मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला निघाले, की माझ्या डावीकडे बसून ते सारखे उजवा पाय दाबत. समोर रिक्षा आली, दाब. गाय आली, दाब. अमोल म्हणायचा, "काकांना एक खराखुरा ब्रेक बसवून दे, बिचाऱ्यांचा पाय दुखत असेल."

अशा या काकांनी गेल्या वर्षी जाहीर केलं, "मी गाडी घेतोय."

काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं; हॉलमधल्या फोटोत चष्म्याच्या, ठसठशीत कुंकवाच्या बाई होत्या, तेवढीच ओळख. अडुसष्ट वर्षांचा, एकटा, गाडी चालवता न येणारा माणूस गाडी कशाला घेतो, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. आम्ही मोबाईलवर गाड्या शोधून द्यायला लागलो. सगळं जग कमीत कमी पळालेली गाडी शोधतं. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन लाख किलोमीटरच्या वरच्या गाड्या लावल्या.

"काका, या भंगार असतात."

"या पोहोचलेल्या असतात. आणि या मोबाईलवर नंबरप्लेटा झाकतात. प्रत्यक्ष बघायला हवं."

मग तीन महिने काकांनी दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबादचे सगळे गाडीबाजार पालथे घातले. त्यांना फक्त करड्या रंगाचीच गाडी बघायची असे, आणि त्यातही एकच मॉडेल. एकदा मी बरोबर होते. विक्रेत्याने रिवाजाप्रमाणे सुरू केलं, "अंकलजी, डॉक्टर साहब की गाड़ी है। सिर्फ़ संडे को चली है।"

"और बाकी छह दिन डॉक्टर क्या घोडे पे जाता था?" काका म्हणाले. "हमको चली हुई गाडी चाहिए भाईसाहब, बैठी हुई नहीं."

मग एका बुधवारी काका एकटेच करोल बागेत गेले आणि संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन थेट आमच्या दारात उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मिळाली! दोन लाख एकसष्ट हजार चारशे सदतीस!" पोरगा बोर्डात आल्यावर बाप जसा टक्के सांगतो, तसा तो आकडा त्यांनी त्या संध्याकाळी चारही मजल्यांवर सांगितला. वरच्या अरोरासाहेबांनी कपाळाला हात लावला. पेट्रोलची गाडी, तेरा वर्षांची. दिल्लीच्या परिसरात पंधरा वर्षांनंतर ती रस्त्यावर आणता येत नाही. दोन वर्षांसाठी इतकी थकलेली गाडी कोण घेतं?

"दो साल बहुत है," काका म्हणाले आणि त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

शनिवारी गाडी आणायला जायचं ठरलं. अमोल तयार होऊन बसला, तर काका म्हणाले, "तू नको. केतकीच चालवेल." अमोल दुखावला. मी मात्र फुशारले. माझ्या ड्रायव्हिंगचं शेवटी कुणीतरी चीज केलं, असं मला वाटलं.

मेट्रोने आम्ही करोल बाग गाठलं. दुकानाबाहेर गाडी धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून उभी होती. विक्रेते बत्राजी हसतमुख, गलेलठ्ठ गृहस्थ. त्यांनी काकांचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवली. "अंकलजी, आपके लिए सरप्राइज़ है। मीटर देखिए!"

काकांनी पाहिलं. मीही वाकून पाहिलं. अडुसष्ट हजार.

"फ़्री में करवा दिया जी," बत्राजी म्हणाले. "आप बुज़ुर्ग हैं। आगे बेचनी पड़ी तो दाम अच्छा मिलेगा।"

खोटं कशाला बोलू, त्या बाजारात ही खरोखर आपुलकीचीच भेट होती. बत्राजींच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आहेर केल्याचं समाधान होतं. पण काका पांढरेफटक पडले. मला वाटलं, आता यांना काहीतरी होणार.

"मेरे किलोमीटर किधर गये?"

"पीछे कर दिए जी।"

"आगे करो."

"जी?"

"जितने थे उतने आगे करो! किसको पूछके पीछे किया? वो तुम्हारे थे क्या?" चाळीस वर्षं सरकारी फायलींवर हळू आवाजात बोललेला हा माणूस भर बाजारात ओरडत होता. बघे जमले. कुणीतरी म्हणालं, अंकलला ठकवलंय, मीटर मागे केलंय. दुसरा म्हणाला, नाही, गिऱ्हाईकच वाढवून मागतंय. मग गर्दी दुप्पट झाली.

बत्राजी गोंधळून माझ्याकडे वळले. "बेटा, ये ठीक तो हैं?"

"ठीक हैं," मी म्हटलं. "ऐसे ही हैं."

शेवटी त्यांनी आम्हाला मागच्या गल्लीतल्या मीटरवाल्याकडे नेलं. पिकल्या दाढीचा शांत माणूस, समोर जुना लॅपटॉप आणि तारांचा गुंता. सगळं ऐकून त्याने चष्मा काढला. "बीस साल से बैठा हूँ। बढ़वाने कोई पहली बार आया है।" मग त्याने विचारलं, "नंबर?"

बत्राजींना आठवेना. काका डोळे मिटून म्हणाले, "दो लाख इकसठ हज़ार चार सौ सैंतीस." लगेच डोळे उघडून बत्राजींना विचारलं, "धुवायला कितना दूर ले गये थे?"

"यही कोई… जाना-आना दो किलोमीटर।"

"मग सैंतीस का उनतालीस डालो."

मीटरवाल्याने आकडा टाकला आणि काही घेतलं नाही. "आज एक सीधा काम किया," एवढंच म्हणाला. बत्राजींनी खजील होऊन नव्या पायपुसण्यांचा जोड मागच्या सीटवर ठेवला. आता काका रागावले नाहीत. वाकून त्यांचा हातच हातात घेतला.

मी चालवायला बसले. काका डावीकडे बसले आणि त्यांनी पायाखालचं जुनं पायपुसणं उचलून मागे टाकलं. खालच्या गालिच्याला, उजव्या टाचेच्या जागी, रुपयाएवढं भोक पडलेलं होतं. काकांनी त्यात टाच ठेवली. ती बरोबर बसली.

मी त्या टाचेकडे बघतच राहिले.

"चल," ते म्हणाले. "पहिला गिअर जरा जड पडतो हिचा. निर्मलाला पण पडायचा."

रिंग रोडला लागलो. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली, समोर बघत. मेट्रो फरीदाबादला आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. निर्मलाकाकूंचं ऑफिस दिल्लीत, बसचे हाल. बावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. "पहिल्याच परीक्षेत पास, केतकी. तिच्या अख्ख्या सेक्शनमध्ये गाडी चालवणारी एकटी बाई. लोक मला हसायचे, बायको चालवते आणि हा डावीकडे बसतो. हसेनात का! मी तर खिडकीची काच खाली करून बसायचो, दिसू दे सगळ्यांना."

समोर बस थांबली. मी ब्रेक मारला. डावीकडेही मारला गेला.

"शेवटचे चार महिने हॉस्पिटलात जायचं असायचं. मी म्हणायचो, ड्रायव्हर बघतो. ती म्हणायची, स्टिअरिंग हातात असलं की मी पेशंट नसते. जातानाही तीच, येतानाही तीच. हात थरथरायचे. आणि मी घोडा नुसता बाजूला बसलेला. पाय दाबत. नंतर गाडी खाली उभी. उभी गाडी मला बघवेना, विकून टाकली. आठवड्यात पस्तावलो. तोवर ती गुरुग्रामच्या एका मुलाकडे गेली होती. सहा वर्षांनी त्या मुलाने ती विकली असं कळलं, म्हणून बाहेर पडलो."

"म्हणजे तुम्ही हीच शोधत होतात?"

"मग काय, मला गाडी हवी होती? मला चालवता तरी येते का?"

आश्रम चौकातल्या गर्दीत आम्ही अडकलो. माझ्या डोक्यात एक प्रश्न होता आणि तो मी विचारायला नको होता, पण विचारला. "काका, अडुसष्ट हजार झाले तेव्हा काकू होत्या ना? मग तो आकडा तुम्हाला आवडायला हवा होता."

"होती ना. चांगली ठणठणीत होती." ते बराच वेळ त्या मीटरकडे बघत होते. "पण पुढे ती पन्नास हजार आणखी चालली गं. आजारपणातले सगळे त्यातच आले. तेच पुसायचे? तिचे एक लाख अठरा हजार दोनशे सहा आहेत. त्यातला एकही मी कमी करू देणार नाही."

मला पुढचा सिग्नल नीट दिसेना. हिरवा झाल्याचं काकांनीच सांगितलं.

सोसायटीत शिरलो तेव्हा अरोरासाहेब, अमोल, वॉचमन सगळे खाली उभे होते. मी गाडी काकांच्या रिकाम्या जागेत लावली. सहा वर्षं त्यांनी ती जागा कुणालाही वापरू दिली नव्हती. आम्ही त्यावरून त्यांना खडूस म्हणायचो. काका उतरले नाहीत. चष्मा सारखा करून, मान वाकवून त्यांनी मोठ्याने वाचलं, "दोन लाख एकसष्ट हजार चारशे पंच्याहत्तर. आजचे छत्तीस."

"हे काय?"

"रोज वाचून दाखवायचो मी. तेवढंच तर काम होतं मला. मग ती म्हणायची, पाठ झालं असेल तर उतरा आता, मला कुकर लावायचाय."

तेवढ्यात अरोरासाहेबांनी खिडकीवर टकटक केलं. काकांनी काच खाली केली, पूर्ण खाली केली, आणि छाती काढून बसले. अरोरासाहेबांनी विचारलं, "अब चलाएगा कौन, अंकलजी?"

काका माझ्याकडे वळले. "तुझं ऑफिस गुरुग्रामला ना? जाऊन येऊन साठ होतात. मी डावीकडे बसेन आणि परत मेट्रोने येईन, मला काय काम आहे! दोन वर्षं आहेत आपल्याकडे. महिन्यातून चार वेळा मथुरेला जाऊन आलो, तर तीन लाख करून दाखवू हिला."

आज मीटर दोन लाख चौऱ्याहत्तर हजारांवर आहे. मथुरेचे पेढे आता आमच्या घरात कुणी खात नाही. पण त्या पहिल्या दिवशी मी काही हे सगळं ठरवलं नव्हतं. काका आपले बसलेलेच होते, टाच त्या भोकात, आणि त्यांना उतरवायचं कसं हे मला कळेना. शेवटी मी किल्ली काढली आणि म्हटलं, "पाठ झालं ना काका? मग उतरा आता. मला कुकर लावायचाय."

काकांनी एकदा पाय दाबला आणि उतरले.