आठल्यांच्या घरातली पाल

"आमचा ऋत्विक अगदी निर्व्यसनी आहे हो," हेदवीहून आलेल्या मुलाची आई म्हणाली, आणि आठल्यांच्या बैठकीच्या खोलीत पाल चुकचुकली.

बाईंनी रीतीप्रमाणे शेजारच्या मेजावर बोटानं वाजवलं आणि "कृष्ण कृष्ण" म्हटलं. पाल पुन्हा चुकचुकली. बाईंनी पुन्हा वाजवलं. पालीनं पुन्हा उत्तर दिलं. ही जुगलबंदी पोहे गार होईपर्यंत चालली. मग मंडळी उठून गेली ती गेलीच.

वैदेहीला त्याचं दुःख झालं नाही. तिचं लक्ष पुढच्या रविवारी केळशीहून येणाऱ्या सलिलकडे होतं. आजवर सांगून आलेल्या मुलांपैकी हा पहिलाच, ज्याचं नाव निघालं की ती हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायची. तेव्हा रविवारच्या आत पाल जायला हवी होती.

तिच्या आईनं, सुनेत्राबाईंनी, प्रत्येक भिंतीवर मोराचं पीस लावलं. ट्यूबलाइट उतरवून पाहिली. शेजारच्या काशीनं अंड्याची टरफलं टांगायला सांगितली, आणि शुद्ध शाकाहारी आठल्यांच्या घरात ती सासऱ्यांच्या तसबिरीमागे लटकली. पाल काही दिसेना.

"अहो, ती टाकी हलवा. तिच्यामागे बसली असेल मेली."

टाकी म्हणजे वैदेहीच्या वडिलांचा, चिंतामणरावांचा, जीव. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीच्या खोलीतल्या मेजावर खाऱ्या पाण्याचा फिशटँक मांडला होता. मुंबईचे शौकीन म्हणे मीठ कालवून घरी समुद्र बनवतात; चिंतामणराव तो मांडवीच्या किनाऱ्यावरून कळशीनं आणत. ओहोटीला उघडा पडलेला एक भोकाभोकांचा दगडही त्यांनी आणून आत ठेवला होता. सुनेत्राबाईंनी परवानगी दिली होती ती एका अटीवर: मासे शोभेचे हवेत. कुणाच्या ताटात जाणारा प्राणी या घरात नको. तसा दिसला तर टाकी बाहेर.

चिंतामणराव टाकीमागे पीस खोचायला वाकले आणि त्यांचं कोपर मेजाला लागलं.

टक्.

आवाज दगडातून आला होता. त्यांनी तिकिटं पाहायचं भिंग काढलं. दगडाच्या भोकात एक किरकोळ अंगाचा प्राणी बसला होता. मिशा लांब, एक नांगी बेताची आणि दुसरी एवढी जाडजूड, की दुसऱ्याची मागून आणल्यासारखी. चिंतामणरावांनी मेजावर टिचकी मारली. प्राण्यानं ती जाड नांगी मिटली. टक्.

पालबिल काही नव्हतं. चुकचुकत होती कोळंबी! आणि कोळंबीइतका ताटात जाणारा प्राणी अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नव्हता.

"सापडली का हो?" आतून विचारणा झाली.

"नाही बुवा," चिंतामणराव म्हणाले. पाहुण्यांना पलीकडे बसवलं की झालं, असा त्यांनी बेत केला.

पण पंखा टाकीच्या बाजूला होता. रविवारी सलिलच्या आई, यमुनाबाई, घाम पुसत नेमक्या तिथंच बसल्या.

"आमच्याकडे सुनेवर स्वयंपाकाचा भार नसतो. पुरुषसुद्धा करू लागतात," त्या म्हणाल्या, आणि कपबशी मेजावर ठेवली.

टक्.

यमुनाबाई थबकल्या. "पाल का हो?" म्हणत त्यांनी मेजावर वाजवलं. "कृष्ण कृष्ण."

टक्.

"सोयरिकीच्या बोलण्यात हे बरं नाही बाई." पुन्हा वाजवलं. टक्. पुन्हा. टक्. त्यांनी पदर सावरला, पर्स उचलली. दारात उभी असलेली वैदेही हातातल्या ट्रेकडे पाहत राहिली. चिंतामणरावांनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"बसा वहिनी," ते म्हणाले. "पाल नाही ती. कोळंबी आहे."

"कोळंबी?" सुनेत्राबाईंचा आवाज खाली गेला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आपल्या घरात?"

"दगडातून आली. मला ठाऊक होतं. टाकी जाईल म्हणून बोललो नाही."

सलिल उठून टाकीशी वाकला. त्यानं टिचकी मारली. टक्. वैदेही ट्रेसकट शेजारी येऊन वाकली. तिनं मारली. टक्. दोघंही हसायला लागली आणि थांबेनात.

यमुनाबाईंनी पर्स खाली ठेवली. "म्हणजे मी बोलले त्यावर पाल चुकचुकली नाही?"

"छे हो."

"खरं तर चुकचुकायला हवी होती. याला साधा चहा करता येत नाही."

"शिकेन," सलिल टाकीवरची नजर न काढता म्हणाला.

"शिकवीन," वैदेही म्हणाली.

मंडळी बोलणी पक्की करून केळशीला गेली. चिंतामणरावांनी मुकाट्यानं कळशी काढली. "सोडून येतो दगड मांडवीला."

"राहू दे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "लेकीचं जमवलंन तिनं. ती आता ताटात जाणाऱ्यांपैकी नाही."

चिंतामणरावांना एवढ्या उदारपणाची सवय नव्हती. सकाळी चहा घेताना सुनेत्राबाई मेजापाशीच भाजी निवडत होत्या.

"चहात साखर घेतली नाहीत ना? डॉक्टरांनी बजावलंय."

"चिमूटभरसुद्धा नाही."

टक्.

चिंतामणरावांनी दचकून पाहिलं. सुनेत्राबाईंचं एक बोट मेजाच्या कडेवर होतं.

"मी कुठं काय म्हटलं?" त्या म्हणाल्या, आणि शेंगेचा दोर ओढला.